हरीभाऊ पिलणकरांची चौदा वाक्यं

रत्नागिरीच्या मांडवीत जाऊन हरिश्चंद्र पिलणकरांचं घर कुठलं म्हणून विचारलंत, तर कुणी सरळ दाखवणार नाही. आधी विचारतील, "कोण, तो गेलेला?" तुम्ही दचकलात की मग पोटभर हसतील आणि बोट करतील. बोटाच्या टोकाला पडवीत लुंगी नेसून बांगडे साफ करत बसलेला छप्पन्न वर्षांचा धडधाकट माणूस दिसला, की समजावं, हाच तो गेलेला.

पोटासाठी हरीभाऊ मिरकरवाड्याकडच्या एका बर्फाच्या कारखान्यात सुपरवायझर. पण "काय करता?" असं कुणी विचारलं तर बर्फाचं नाव ओठावर येणार नाही. "कलाकार आहे," म्हणायचं, आणि "कशात पाहिलंय बरं तुम्हाला?" हा पुढचा प्रश्न येईपर्यंत चेहरा तयार ठेवून उभं राहायचं. समोरचा बहुधा विचारत नाही. मग हरीभाऊ आपण होऊन सांगतात.

सांगण्यासारखं आहे म्हणा. सतराव्या वर्षी वाडीच्या नमनात त्यांचं पाऊल रंगभूमीवर पडलं. शिमग्यात आमच्याकडे नमनाचे खेळ होतात, त्यात पहिला मान गणपतीचा. गणपतीला हात चार आणि सोंग घेणाऱ्याला दोन, म्हणून मागचे दोन हात हलवायला गणपतीच्या पाठीशी एक माणूस लपवतात. ते मागचे दोन हात हरीभाऊंचे. "पण लोकं माझ्याच हाताकडं बघत होती," असं ते अजून सांगतात. खोटं नाही. उजव्या हाताला खाज सुटली होती आणि गणपती भर सभेत स्वतःचं कानशील खाजवत होता.

पुढे हौशी नाटकं आली. राज्य स्पर्धेत अभिनयाचं प्रमाणपत्र आलं, उत्तेजनार्थ का होईना, ते काचेत बसून भिंतीवर गेलं. मग मुंबईची एक नाटक कंपनी दौऱ्यावर आली असताना त्यांच्या पोस्टमनचं पोट राजापुरात बिघडलं, आणि रत्नागिरीच्या प्रयोगाला पोस्टमन म्हणून हरीभाऊ उभे राहिले. "पत्र आहे," एवढंच बोलायचं. पण ते असं बोलले की शेवटच्या रांगेत डुलकी घेणारा गृहस्थ "कुणाचं?" म्हणून उठून उभा राहिला. आवाज हीच हरीभाऊंची इस्टेट. त्याला माईक लागत नाही. मांडवीच्या धक्क्यावरून हाक मारली तर समुद्रातला होडीवाला आपलं काय चुकलं म्हणून मागे बघतो.

मग कोकणात कॅमेरा आला. पहिल्यांदा हिरवळीसाठी, मग भुतांसाठी, आता दोन्हींसाठी येतो. मुंबईचा नायक कोकणात उतरला की त्याला वाट दाखवायला एक म्हातारा लागतो. सात सिनेमांत ही वाट हरीभाऊंनी दाखवली. "सरळ जावा, पिंपळाकडनं डावीकडं." चार सिनेमांत वाटच कापली गेली. उरलेल्या तिन्हींत वाट राहिली, हरीभाऊही राहिले, पण समुद्रावरचा वारा आवाजात घुसला म्हणून मुंबईत बसून दुसऱ्याच कुणी तरी "सरळ जावा" म्हटलं. तेही नाकात. अंजनवेलला गोपाळगडावर एक ऐतिहासिक सिनेमा झाला, त्यात हरीभाऊ तीनदा मेले, दोनदा आपल्या बाजूनं आणि एकदा मिशी बदलून शत्रूच्या. मरताना ओरडले होते. त्यावर तुतारी वाजवली.

म्हणजे एकोणचाळीस वर्षांच्या कारकिर्दीनंतर हिशेब असा, की हरीभाऊ पडद्यावर दिसले होते, पण ऐकू कधीच आले नव्हते. माणसाला काय हवं असतं हो? कुणाला बंगला, कुणाला पोरगा अमेरिकेत. हरीभाऊंना पडद्यावर स्वतःच्या आवाजात बोलायचं होतं. एकदा. बस्स.

अशात 'लाटेवरचं माहेर' नावाची मालिका रत्नागिरीजवळच चित्रित होणार असल्याची बातमी आली. सरपंचाच्या भूमिकेसाठी हरीभाऊ चाचणी द्यायला गेले. दिग्दर्शक शुभंकर, तिशीतला पोरगा, डोक्यावर उलटी टोपी. त्यानं हरीभाऊंना समोरून बघितलं, बाजूनं बघितलं, आणि एकदम हळवा झाला.

"काका, तुमच्या चेहऱ्यात ना, एक गेलेपण आहे."

हरीभाऊंना ते कौतुक वाटलं. कलाकाराला काहीही कौतुक वाटतं.

"सरपंच आम्ही मुंबईहून आणलाय. पण नायिकेचे बाबा आहेत. सगळी मालिका त्यांच्याभोवती फिरते. रोज दिसणार तुम्ही. अगदी रोज!"

रोज दिसले. समुद्रात बुडालेले बाबा म्हणून भिंतीवरच्या फोटोत, गळ्यात चंदनाच्या सालींचा हार. नायिकेचं काम करणारी मनस्वी, मूळची पुण्याची पण रडायला बरी, रोज साडेसातला त्या फोटोसमोर उभी राहून म्हणायची, "बाबा, तुम्ही असतात तर!" आणि कॅमेरा वेगानं हरीभाऊंच्या जवळ जायचा, तीनदा, ढगांच्या गडगडाटासकट.

पहिला आठवडा मांडवीनं कौतुक केलं. दुसऱ्या आठवड्यापासून चेष्टेवर घेतलं. शेजारचा दादू, ज्याला दुसऱ्याचं काही बरं चाललेलं पाहवत नाही आणि वाईट चाललेलं बघितल्याशिवाय राहवत नाही, तो रोज सकाळी कुंपणावरून विचारायचा, "काय हरीभाऊ, स्वर्गात पाणी आलं काय आज? आमच्याकडं नाय."

"दाद्या, तुला अभिनयातलं काय कळतं? डोळ्यांनी बोलायचं असतं तिथं."

"फोटोतल्या?"

सावित्रीवहिनींना मात्र हे हसण्यावारी नेता येईना. "कपाळाला कुंकू लावून बसते मी," त्या म्हणायच्या, "आणि माझ्याच घरात, माझ्याच टीव्हीत, माझा नवरा हारात! बायका विचारतात, वहिनी, हार ताजा घालतात की तोच? काय सांगू मी?"

"अगं कला आहे ती."

"कला असेल. पण मेलेल्याची आहे."

त्यात एक दिवस राजापूरहून हरीभाऊंची मामेबहीण गंगुबाई सकाळच्या एसटीनं उतरली, ती दारातूनच गळा काढत. कुण्या उत्साही माणसानं मालिकेतल्या फोटोचा फोटो काढून, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकून मोबाईलवर फिरवला होता. गंमत म्हणून. दार हरीभाऊंनीच उघडलं. गंगुबाईनं त्यांना बघितलं, रडं गिळलं आणि हातातली पिशवी त्यांच्याच डोक्यात घातली. "मेल्या, दीड दिवस जेवले नाय मी! जिता होतास तर कळवायचं तरी!"

ह्यानंतर सावित्रीवहिनी ऐकेनात. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी दारात आली, तेव्हा त्यांनी नारळ-विडा ठेवला आणि धाकू गुरवाला गाऱ्हाणं घालायला सांगितलं. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढं घातलेली तक्रार. गुरव एकेक वाक्य उंच उचलून सोडतो, आणि जमलेल्या माणसांनी प्रत्येक वाक्याला एका सुरात "होय महाराजा!" म्हणायचं. म्हणायचंच. मुद्दा पटला की नाही हा प्रश्न नसतो.

धाकू सत्तरीचा. त्यानं डोळे मिटले.

"बा देवा महाराजा! आज तुझी पालखी ह्या पिलणकराच्या दारात आली..."

"होय महाराजा!"

"ह्या तुझ्या लेकराच्या गळ्यात ज्या कुणी मुंबईवाल्यान जितेपणी हार घातलान असेल..."

"होय महाराजा!"

"तो हार तूच उतरव, आणि ह्याला बोलता-चालता घरी आण रे महाराजा!"

"होय महाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज दादूचा.

दीड महिन्यानं शुभंकरचा फोन आला. मालिका कुणी बघेनासं झालं होतं, म्हणून वाहिनीनं फर्मान काढलं होतं, कुणाला तरी जिवंत करा. मेलेला एकटाच होता. मांडवीनं अर्थातच श्रेय देवाला दिलं.

"काका, तुम्ही परत येताय! बारा वर्षांनी. देवळासमोर, सगळ्या गावापुढं. आणि बोलताय! चौदा वाक्यं आहेत."

हरीभाऊंनी फोन कानाशी आणखी दाबला. "माझाच आवाज ना?"

"तुमचाच. जागेवरच घेणार. शर्टाच्या आत माईक लावतो आपण."

चौदा वाक्यांचा कागद आला. भाषा सावंतवाडीकडची होती, कारण मुंबईतल्या लेखकाच्या मते कोकण ही एकच गल्ली आहे. हरीभाऊंनी ती रत्नागिरीची करून घेतली आणि कारखान्यातल्या शीतगृहात बर्फाच्या लाद्यांसमोर पंधरा दिवस सराव केला. मालक आप्पा दारातून डोकावले तर आतून गर्जना येत होती, "माझ्या लेकीला ज्यांनी बोल लावले, त्यांनी माझ्या डोळ्यांत बघावं!" आप्पांनी हळूच दार लावून घेतलं. बर्फ वितळत नव्हता, तेवढं त्यांना पुरे होतं.

चित्रीकरणाच्या दिवशी गावकरी म्हणून चाळीस माणसं हवी होती. हरीभाऊंनी मोठ्या मनानं आपली वाडीच नेली. चूक झाली ती इथं. धाकू गुरव आला, दादू आला, सावित्रीवहिनी तर कोऱ्या साडीत पहिल्या रांगेत. देऊळ प्लायवूडचं होतं. आतला देवही प्लायवूडचा, सोनेरी रंग मारलेला. पण ऐन वेळी शुभंकरला वाटलं, कोकणी वातावरण कमी पडतंय. म्हणून देवापुढं खरा नारळ ठेवला, विडा ठेवला, वर दोन फुलं. आणि त्या नारळामागं खांद्यावर पंचा टाकून हरीभाऊंना उभं केलं.

चाळीस माणसांनी नारळ बघितला. विडा बघितला. खांद्यावरचा पंचा बघितला. न सांगता पुरुषांनी चपला काढल्या, बायकांनी पदर सावरले.

"ॲक्शन!"

हरीभाऊंनी समुद्राकडून नजर फिरवली. छाती भरून घेतली. पहिलं वाक्य असं उचललं की वरच्या आंब्यावरचे कावळे उठले.

"गावकऱ्यांनोऽ, मी परत आलो!"

आणि थांबले. नटानं थांबायला हवंच.

"होय महाराजा!" चाळीस गळे.

"कट्! छान, छान. उत्साह छान आहे. पण आपल्याला काही बोलायचं नाहीये हं. आपण फक्त आश्चर्यानं बघायचंय."

पुन्हा झालं. ह्या वेळी निम्म्यांनी तोंड आवरलं, निम्म्यांचं सुटलं. तिसऱ्या खेपेला पहिलं वाक्य शांततेत पार पडलं, हरीभाऊ दुसऱ्यावर गेले, "बारा वर्षं त्या समुद्रानं मला ठेवून घेतलं!" आणि धाकूनं एकट्यानंच, पण खणखणीत, "होय महाराजा!" म्हणून टाकलं. त्यानं म्हटल्यावर बाकीच्यांना गप्प राहणं अपमानास्पद वाटलं.

शुभंकर टोपी हातात घेऊन धाकूपुढं उभा राहिला. "आजोबा, का बोलता तुम्ही?"

"मग गप बसू? नारळ ठेवलाय समोर. माणूस उभा राहून बोलतोय. हो म्हटलं नाय तर देव म्हणेल, गावाची संमती नाय."

"अहो, तो देव प्लायवूडचा आहे!"

"नारळ खरा हाय ना?"

शुभंकरनं कपाळावर हात मारला आणि ओरडला, "नारळ उचला रे तिथून!"

चाळीस माणसं एका पावलानं पुढं सरकली. "हात लावायचा नाय," धाकू शांतपणे म्हणाला. "ठेवलेला नारळ गाऱ्हाणं पुरं झाल्याशिवाय उचलत नसतात. तुमच्या मुंबईत उचलत असतील."

"मग करा पुरं! किती वेळ लागेल?"

"एवढं मोठं गाव दाखवलंय तुम्ही. सगळ्यांची नावं घ्यायला हवीत. तासभर धरा."

सूर्य तोवर खाली गेला होता. उन्हाची जेमतेम वीस मिनिटं उरली होती, मनस्वीला उद्या पुण्यात दुकानाची फीत कापायची होती, आणि भाग परवा दाखवायचा होता. मध्येच हरीभाऊंनी वाडीपुढं हात जोडले. "अरे बाबांनो, माझ्यासाठी दहा मिनिटं गप ऱ्हावा. एकोणचाळीस वर्षं थांबलोय मी." लोकांना कळलं, सगळ्यांच्या माना खाली गेल्या. सावित्रीवहिनींनी तर पदराचा बोळा तोंडात धरला. दादूसुद्धा गंभीर झाला. चौथ्या खेपेला हरीभाऊ तिसऱ्या वाक्यापर्यंत पोचले, "माझ्या लेकीला ज्यांनी बोल लावले, त्यांनी माझ्या डोळ्यांत बघावं!" आवाज असा लागला होता की दिवेवाल्याच्या अंगावर काटा आला. आणि बोळ्याआडून, अगदी बारीक, कुणीतरी म्हणालं, "होय महाराजा."

ती सावित्रीवहिनी होती.

शुभंकरनं टोपी पुन्हा डोक्यावर उलटी चढवली. मग उजळला. दिग्दर्शक उजळला की नटानं सावध व्हावं.

"काका! तुम्ही बोलताय म्हणून हे बोलतायत. तुम्ही बोलूच नका ना! धक्क्यानं बाबांची वाचा गेलीय. ते परत येतात, लेकीकडे बघतात, आणि तोंडातून शब्द फुटत नाही. काय जबरदस्त आहे हे!"

"आणि चौदा वाक्यं?"

"डोळ्यांनी बोला."

एका झटक्यात झालं. हरीभाऊंच्या डोळ्यांत त्या वेळी जे पाणी आलं ते पाहून मनस्वी पहिल्यांदाच ग्लिसरिनशिवाय रडली, आणि कॅमेरावाला म्हणाला, काय नट आहे! नट कसला, माणूस रडत होता.

सामान आवरायला लागले. हरीभाऊ खुर्चीत बसून शर्टातला माईक सोडवत होते, तर धाकू आला.

"हऱ्या, ऊठ. नारळ तसाच हाय."

"तू घाल गाऱ्हाणं. मला नाय आज."

"मी घालीन, पण मला ह्या गावातलं काय माहीत? सगळी खोटी गावकरं. तुझी ती वाक्यं कोरी ऱ्हायलीत ना? तीच घाल. देवाला काय, मजकूर कुणी लिवला ते विचारत नाय तो."

हरीभाऊ उठले. मनाविरुद्ध उठले. पहिलं वाक्य पुटपुटले, दुसरं जरा बरं, आणि तिसऱ्यापासून आवाज आपोआप आपल्या जागेवर जाऊन बसला. चौदाच्या चौदा वाक्यं त्या सोनेरी प्लायवूडला ऐकवली आणि प्रत्येकाला चाळीस माणसांनी खच्चून हो म्हटलं. दिवेवाले तारा गुंडाळत होते. शुभंकर मोबाईलवर बोलत लांब निघून गेला, कारण ह्या गोंगाटात त्याला ऐकू येत नव्हतं. मग नारळ फुटला. खोबरं त्यालाही दिलं, त्यानं खाल्लं.

तो भाग दाखवला आणि मालिका वर गेली. मुक्या बापानं महाराष्ट्र हलवला. वाहिनीनं सांगितलं, बाबांना ठेवा, पण बोलायला लावू नका. हरीभाऊ शुभंकरकडे गेले.

"एक वाक्य दे रे. 'जेवायला वाढ' एवढं दे."

"काका, तुमच्या न बोलण्यात जी ताकद आहे ना..."

नको म्हणता आलं असतं. हरीभाऊंनी दोन दिवस विचार केला, तिसऱ्या दिवशी डबा घेऊन चित्रीकरणाला गेले. नट आहे, बोलावल्यावर जाणार नाही तर काय करणार! महिन्यातले आठ दिवस मान हलवायची, समुद्राकडे बघायचं, लेकीच्या डोक्यावर हात ठेवायचा. दादू म्हणाला, "बढती झाली म्हणायची. भिंतीवरनं खुर्चीवर."

पण जुन्या नाटकवाल्याची खोड. स्वतःला वाक्य नाही म्हणून हरीभाऊ सगळ्यांची पाठ करायचे. मनस्वी विसरायची फार. समोर बाबा बसलेले, तिची गाडी अडली की ते ओठ न हलवता, पोटातून, पुढचं वाक्य पुरवायचे. ती उचलायची, काम भागायचं. शर्टातला माईक आता कशाला म्हणून कुणी विचारलं नव्हतं आणि म्हणून कुणी काढलाही नव्हता. बाबांचा आवाज नंतर पुसायची पद्धत पडली होती.

एका बुधवारी पुसणारा विसरला.

साडेसात वाजता मांडवीत घराघरांत टीव्ही चालू होते. मनस्वी सासरी निघालेली. बापासमोर उभी राहिली, ओठ थरथरले, आणि शब्द आठवेना. बाप खुर्चीत निश्चल, नजर दूर समुद्रावर. आणि त्या शांततेत, एकही ओठ न हलता, सगळ्या महाराष्ट्राला ऐकू गेलं, भरदार, खणखणीत, मांडवीच्या धक्क्यावरचं:

"मग मी जाते, बाबा."

कुंपणापलीकडून दादूचं हसणं फुटलं, मग त्याच्या पलीकडच्या घरातलं, मग सगळ्या आळीचं. फोन वाजायला लागला, शुभंकरचं नाव झळकत होतं. सावित्रीवहिनी हसता हसता डोळे पुसत होत्या. "अहो, बोललात! ऐकलंत काय? बोललात तुम्ही!"

हरीभाऊ टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसले होते. चेहरा गंभीर. फोनकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"आवाज बरा लागलाय," ते म्हणाले. "पण 'जाते'च्या आधी जरा थांबायला हवं होतं."

आणि तिथंच बसल्या बसल्या त्यांनी ते वाक्य पुन्हा एकदा, नीट थांबून, म्हणून बघितलं.